चार तासांचाही दिवस, चोवीस तासांचाही दिवसच

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त सुभेदाराची (क्लार्क) उत्तरं

मागच्या महिन्यात या पानावर टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून वर्दी घालणाऱ्यांच्या फौजेच्या, भरतीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत भरतीचं कुणी विचारलंच नाही, सगळ्यांनी पैशाचंच विचारलं. बरं केलंत. भरतीचं सांगणारे गावोगाव आहेत, पगाराचं सांगणारा बाबू एखादाच. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी राग मानू नये. ते पत्र वाचून मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती उत्तरात येईल.

प्रश्न : माझे मिस्टर चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत आणि टेरिटोरियल आर्मीत शिपाई. पहिली काही वर्षं रविवारी परेडला जायचे. सकाळी सातला गेले की साडेअकराला जेवायला घरी, आणि एक दिवसाचा पगार लागायचा. आता दहा महिने झाले, बोलावून नेलंय. फोनवर सांगतात की चोवीस तासांची गार्ड असते, माणसं कमी म्हणून दिवसाआड नंबर लागतो. पे स्लिपवर मात्र महिन्याचे तीसच दिवस. माझा भाऊ त्यांच्याच वर्कशॉपमध्ये आहे. तो पाळी संपल्यावर थांबला की त्याला डबल मिळतं. चार तासांना एक दिवस आणि चोवीस तासांनाही एकच दिवस, हा कुठला हिशोब? ह्यांना विचारलं की म्हणतात, तुला कळायचं नाही. म्हणून तुम्हाला विचारते.
— एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : ताई, तुम्हाला चांगलं कळलंय. त्यांनाच सांगता येत नाहीये, कारण फौजेत कुणी कुणाला हे समजावून सांगत नाही.

आधी रविवारचं बघू. शहरी युनिटमध्ये पहिल्या वर्षी ३२ दिवसांचं रिक्रूट ट्रेनिंग आणि पुढे दर वर्षी ३० दिवसांचं ट्रेनिंग असतं. त्या ३० मध्ये १४ दिवसांचा कॅम्प धरलेला असतो. उरलेले दिवस रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी भरून काढायचे, आणि तिथं चार तासांच्या ट्रेनिंगला एक दिवस मोजायचा, असा नियम आहे. हा नियम का केला? नोकरदार माणूस आठवडाभर मशीनवर उभा असतो. हक्काच्या सुट्टीचा अर्धा दिवस तो देतोय, तर तो पूर्ण धरू, एवढा त्यात शहाणपणा आहे. खेड्यापाड्यातून भरती होणाऱ्या प्रोव्हिन्शियल युनिटमध्ये ही सोय नाही. तिथं वर्षाचे सलग दोन महिने द्यावे लागतात.

दहा महिन्यांपूर्वी मिस्टरांना बोलावलं, तेव्हा ते ट्रेनिंगवाले राहिले नाहीत. फौजेच्या भाषेत ते 'एम्बॉडी' झाले. त्या तारखेपासून ते रेग्युलर शिपायासारखेच शिपाई. कायदा तोच, रेशन तेच, शिक्षा झाली तर तीही तीच, आणि पगारही तोच. रेग्युलर शिपायाचा पगार महिन्यावर असतो. फौजेच्या पगारात तास नावाचा रकानाच नाही. मी २८ वर्षं ती कागदपत्रं हाताळली, ओव्हरटाइमचा फॉर्म एकदाही बघितला नाही.

आता तुमच्या मनातला हिशोब आकड्यांत मांडतो. नव्या शिपायाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० रुपये. मिस्टरांची इन्क्रिमेंट लागून तो पुढे गेला असेल, पण सोपं पडावं म्हणून हाच धरू. तिसानं भागला की दिवसाचे ७२३ रुपये. रविवारच्या चार तासांना म्हणजे तासाला १८० च्या वर. चोवीस तासांच्या गार्डला तासाला ३०. तुम्हाला खटकलं ते हेच, आणि खटकणारच.

यावर सरकारचं उत्तर पे स्लिपवरच छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. 'एमएसपी' अशी एक ओळ असेल, ५,२०० रुपयांची. शेतमालाचा हमीभाव नव्हे, मिलिटरी सर्व्हिस पे. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी तो सुरू झाला, तेव्हा जवानाला २,००० होता, सातव्यात ५,२०० झाला. रात्री-बेरात्रीची ड्युटी, घरापासून लांब राहणं, हुकूम आला की निघणं, संघटना करायची सोय नसणं, या सगळ्याचा मिळून तो मोबदला. म्हणजे जादा तासांचे पैसे आधीच दिलेत, असं सरकार म्हणतं. महिन्याचे ५,२०० म्हणजे दिवसाचे १७३. अधिकाऱ्याला याच नावाखाली १५,५०० मिळतात. रात्री दोन वाजता पोस्टवर कोण उभं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको, पण आकडा तसा आहे.

फौज पैसे वाढवते ते जागेवर, तासांवर नाही. सियाचेनचा भत्ता जवानाला १४,००० होता, तो २०१७ मध्ये ३०,००० केला. तिथं माणूस आठ तास उभा राहिला काय आणि अठरा तास काय, भत्ता तोच. म्हणून मिस्टर कुठल्या ठिकाणी आहेत हे बघा. ते ठिकाण फील्ड भत्त्यात बसत असेल तर पे स्लिपवर ती ओळ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर जादा तासांच्या मागे लागण्याआधी ती ओळ मागा. ती तुमच्या हक्काची आहे.

पण चोवीस तासांची गार्ड म्हणजे चोवीस तास उभं राहणं नव्हे. गार्डरूम बघितली नसेल म्हणून सांगतो. एक लांबट खोली, भिंतीला रायफलींचा रॅक, त्याला साखळी. दारापाशी टेबलावर रजिस्टर आणि वर घड्याळ. त्या घड्याळाशी संतरीचं नातं बायकोशी असतं त्याहून जवळचं. एका पोस्टला तीन संतरी देतात. दोन तास उभं राहायचं, चार तास आराम. म्हणजे चोवीस तासांत उभं राहणं आठ तास. आराम म्हणजे पाठ टेकायची, पण वर्दीसकट, बूट पायात, अलार्म झाला की बाहेर. दोन ते चारची रिलीफ करून आलेला पोरगा कॉटवर बसल्या बसल्या झोपतो, चहाचा मग हातात तसाच, हे मी कितीदा तरी बघितलंय. आठ तासांवर हिशोब केला तर मूळ पगार आणि एमएसपी मिळून २६,९०० चे दिवसाला ८९७, आणि तासाला ११२ पडतात. वर महागाई भत्ता वेगळा. हा आकडा बरा दिसतो.

तो बरा दिसतो तो तीन संतरी असतील तर. मिस्टर म्हणतात तसं माणसं कमी असली की पोस्टवर दोघेच येतात. मग दोन तास उभं, दोन तास आराम, असे चोवीस तासांत बारा. आणि दिवसाआड नंबर म्हणजे गार्ड उतरली की त्याच दिवशी परेड आणि फटीग (साफसफाई, ओझी उचलणं असली कामं), आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गार्ड. दोन तासांच्या आरामात झोप लागत नाही. हे दहा महिने चालू असेल तर तो पैशाचा प्रश्न उरत नाही, झोपेचा होतो. हातात भरलेली रायफल असलेल्या माणसाच्या झोपेचा. ओव्हरटाइम मागू नका, मिळायचा नाही. विश्रांती मागायला सांगा, ती मिळते.

कशी मागायची? दर महिन्याला सैनिक संमेलन होतं. कमांडिंग ऑफिसर सगळ्यांसमोर बसतात आणि जवानाला पॉइंट उठवता येतो. 'साहब, गार्ड ज्यादा है' असं रडगाणं गायलं तर सुभेदार मेजर डोळे वटारतील, ते त्यांचं कामच आहे. त्याऐवजी कागद न्यायचा. महिनाभरात गार्ड किती लागल्या त्याच्या तारखा, पोस्टवर माणसं किती, दोन गार्डच्या मधे पूर्ण रात्र झोप मिळाली असे दिवस किती. चार ओळी. आपला सीनियर जेसीओ (सुभेदाराच्या दर्जाचा साहेब) विश्वासाचा असेल तर आधी त्याच्या कानावर घालायचं. मी ज्या ज्या पलटणीत होतो तिथं असा मुद्दा आला की ड्युटीचा तक्ता बदलायचाच, कारण संतरी झोपलेला सापडणं कुठल्याच कमांडिंग ऑफिसरला परवडत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यानं माझी झोप उडवली, त्याकडे येतो. 'पे स्लिपवर मात्र महिन्याचे तीसच दिवस.' ताई, ते तीस आहेत ना? दहाही महिने? आणि ज्या दिवशी त्यांनी घर सोडलं त्या दिवसापासून?

फौजेत काहीही घडलं, माणूस हजर झाला, रजेवर गेला, लग्न झालं, मूल झालं, की त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते. युनिटचा बाबू ती काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला आणि पगाराच्या ऑफिसला जाते, आणि मग पैसे हलतात. पार्ट टू ऑर्डर पडली नाही तर घडलेलं घडलंच नाही. माणूस बर्फात उभा असला तरी कागदावर तो घरी.

नव्वदच्या दशकात मी एका टेरिटोरियल युनिटमध्ये कायम स्टाफवर होतो. एका हिवाळ्यात सव्वाशे माणसं एकदम एम्बॉडी झाली. मी रात्री कंदिलाखाली स्टेन्सिल कापत होतो. एका हवालदाराची तारीख हातानं लिहिलेल्या यादीत ०३ होती, शाई जरा फुटलेली. मी २३ वाचली आणि २३ कापली. त्या माणसाचे वीस दिवस माझ्या दोन बोटांनी खाल्ले. तो बोलला नाही. गावाकडचा, शेतकरी, वर्षातून काही महिने वर्दी घालणारा. त्याला वाटलं, सरकारनं कापले असतील तर काही कारण असेल. पाच महिन्यांनी त्याच्या बायकोनं चौथीतल्या मुलाकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. 'बाबूजींना नमस्कार. माझे वडील ३ तारखेला गेले. मला माहीत आहे कारण त्या दिवशी आमच्या शाळेची सहल होती.' मी दुरुस्तीची ऑर्डर काढली, पैसे यायला आणखी दोन पगार गेले. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे.

आणि हे नुसतं पैशापुरतं नाही. अग्निवीर सोडले तर रेग्युलर शिपाई सलग पंधरा वर्षं करतो आणि पेन्शन घेऊन घरी येतो. टेरिटोरियलच्या जवानालाही पेन्शन आहे, पण त्याची पंधरा वर्षं म्हणजे एम्बॉडी असलेला काळ तुकड्या-तुकड्यांनी जोडून झालेली पंधरा वर्षं. आज दहा महिने, मग दोन वर्षं घरी, मग पुन्हा चौदा महिने, अशी गोधडी शिवायची असते. त्यातला एक तुकडा कागदावर नसला तर तो पंधरा वर्षांनी शोधत फिरावं लागतं, तेव्हा ते युनिट तिथं नसतं आणि तो बाबू माझ्यासारखा घरी मासिकात सदर लिहीत असतो.

तेव्हा एक वही करा. घर सोडल्याची तारीख, मूव्हमेंट ऑर्डरची (निघण्याच्या हुकमाची) झेरॉक्स, दर महिन्याची पे स्लिप, रजेवर आल्या-गेल्याच्या तारखा, रेल्वे वॉरंटचा नंबर. लग्न भरतीनंतर झालं असेल तर लग्नाची पार्ट टू ऑर्डर पडली का, हे आज रात्री फोनवर विचारा. मुलांचीही. तुमचं नाव तिथं नसेल तर सरकारच्या लेखी ते अजून बिनलग्नाचे आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळ एका खासगी कंपनीत सुपरवायझर आहे आणि टेरिटोरियल आर्मीत नाईक. मे २०२५ मध्ये सरकारनं लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी बोलावायचे अधिकार दिल्याची बातमी आली, तेव्हापासून एचआरवाले मागे लागलेत की बोलावणं यायच्या आत राजीनामा द्या, परत आलात की बघू. काय करू?
— एक नाईक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : राजीनामा लिहू नका. चहा पाजून मागितला तरी नाही, 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणाले तरी नाही.

तुम्ही म्हणता ती अधिसूचना ६ मे २०२५ ची. त्यात ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करायचं म्हटलं आहे आणि मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा बोलावणं येऊ शकतं, हे तुमच्या कंपनीनं बरोबर ओळखलंय. पण ती एक गोष्ट विसरली. टेरिटोरियल आर्मीचा कायदा १९४८ चा आहे आणि त्यात ७-अ कलम आहे. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला रजा देणं आणि परत आल्यावर त्याला पूर्वीपेक्षा वाईट नाहीत अशा अटींवर कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. घेतलं नाही तर सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई लावता येते. आणि बोलावणं येणार म्हणून आधीच कामावरून काढलं, तरी मालक सुटत नाही, हे कायदा करणाऱ्यांना फार पूर्वीच सुचलं होतं. पण राजीनामा तुम्ही स्वतःच्या सहीनं दिलात, तर मालक म्हणेल मी काढलंच नाही. म्हणून तर तो मागतोय.

बोलावणं आलं की त्याची प्रत जोडून रजेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. परत आल्यावर हजर होण्याचा अर्ज लगेच द्या, महिनाभर गावी बसू नका. प्रॉव्हिडंट फंडाचे हक्कही तुटत नाहीत, त्यासाठी पुढचंच कलम आहे. आणि एचआरच्या त्या पोरावर चिडू नका, त्याला हा कायदा कुणी दाखवलेला नसतो. छापील प्रत त्याच्या टेबलावर ठेवून या.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो, नोकरी करून तिकडच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार जातो. म्हणतो, मामा, कधी कधी पहाटे पाच ते रात्री नऊ राबवतात आणि पैसे तेवढेच. अमेरिकेतसुद्धा असं? तुम्ही फौजेतले, म्हणून विचारलं.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तिकडे निदान नियम चोख छापलेला आहे. चार तासांची एक ड्रिल, एका ड्रिलला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा हिस्सा, आणि एका दिवसात जास्तीत जास्त दोन ड्रिलचे पैसे. म्हणजे शनिवार-रविवारच्या चार ड्रिल आणि चार दिवसांचा पगार. आपल्या रविवारच्या चार तासांची सख्खी बहीणच. पण दोन ड्रिल भरल्या की मीटर बंद. पहाटे पाच ते रात्री नऊ म्हणजे सोळा तास झाले, भाच्याच्या हिशोबानं चार ड्रिल, पगारात दोनच. ओव्हरटाइम तिथंही नाही.

आणि गंमत पुढे आहे. उन्हाळ्यात दोन आठवड्यांचं वार्षिक ट्रेनिंग असतं, तिथं एका दिवसाला एकच तिसावा हिस्सा मिळतो. वर घर-जेवणाचे भत्ते जोडतात ते सोडा, पण शनिवारी घाम गाळला तर दोन दिवस आणि जुलैतल्या बुधवारी तेवढाच गाळला तर एक. हा हिशोब कुणी केला असं चिंचवडच्या ताईंनी तिकडे विचारायला हवं.

भाच्याला एवढं सांगा. पॉइंटचं स्टेटमेंट दर वर्षी उघडून बघायचं. एका ड्रिलला एक पॉइंट, नुसतं सदस्य असण्याचे वर्षाला १५, आणि वर्षात ५० झाले तरच ते वर्ष पेन्शनला धरतात. अशी वीस वर्षं भरली तर साधारण साठीला पेन्शन. दुसरं, गव्हर्नरच्या हुकमानं राज्याच्या ड्युटीवर नेलं तर पैसे राज्य देतं, राज्याच्या दरानं, आणि ते दिवस केंद्राच्या पेन्शनच्या पॉइंटमध्ये येत नाहीत. पूर असो की सरहद्द असो, हुकूम कुणाच्या सहीचा आहे ते पहिल्या दिवशी वाचायचं. सोळा तासांच्या तक्रारीपेक्षा हे जास्त पैशाचं आहे.

प्रश्न : रेग्युलर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मराठवाड्यातल्या टेरिटोरियल आर्मीच्या पर्यावरण बटालियनमध्ये भरती झालो. झाडं लावण्याच्या कामावर असताना ट्रकवरून पडून कंबर गेली. भरतीच्या वेळी अपंगत्वाची पेन्शन मागणार नाही अशा कागदावर सही घेतली होती. सहकारी म्हणतात, सही केलीस, संपलं.
— एक माजी सैनिक, जालना जिल्हा

उत्तर : जय हिंद, हवालदार. संपलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं नेमकं हेच ठरवलंय. कुमाऊंच्या पर्यावरण बटालियनमधला जवान, आधी पंचवीस वर्षं रेग्युलर इन्फंट्रीत. रजेच्या काळात अपघात होऊन पाय कापावा लागला, ऐंशी टक्के अपंगत्व. त्यालाही तशाच सहीवरून नाही म्हटलं होतं. कोर्ट म्हणालं, टेरिटोरियल आर्मीचा जवान अपंगत्वाच्या पेन्शनला पात्र आहे, आणि नोकरी मागायला आलेला जवान व सरकार यांची ताकद सारखी नसते, म्हणून असल्या सहीनं हक्क जात नाही. तुम्ही तर रजेवर नव्हे, कामावर पडलात.

मेडिकल बोर्डाचे कागद, अपघाताचा इंज्युरी रिपोर्ट आणि त्या दिवशीच्या ड्युटीची नोंद, एवढं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. निकालाची प्रत अर्जाला जोडा. ट्रकवर कोण कोण होतं, त्यांची नावं आजच लिहून ठेवा. वर्षभरानं माणसं कुठल्या कुठे जातात.

प्रश्न : सर, मी फौजेत नाही, पुण्यात होमगार्ड आहे. विसर्जनाला सकाळी आठला बेलबाग चौकात उभी राहिले ती दुसऱ्या दिवशी दुपारी सुटले. आम्हाला दिवसाचा दर आहे. माझे किती दिवस धरायचे?
— एक होमगार्ड, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही या सदरात अगदी बसता. होमगार्ड मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झालं, टेरिटोरियल आर्मीपेक्षा जुनं, आणि 'मानसेवी' या एका शब्दावर तुमच्या संघटनेची कित्येक वर्षं कमी पैशांत काढून घेतली. २०१५ मध्ये हिमाचल प्रदेशच्या होमगार्डच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिवसाचा भत्ता असा द्या की तीस दिवसांचा मिळून पोलीस शिपायाच्या किमान पगाराइतका होईल. आपल्याकडे २०२४ मध्ये दर ५७० वरून १,०८३ रुपये झाला. हा विचित्र आकडा कुठून आला असेल म्हणून मी मांडून बघितला. २१,७०० मूळ पगार, त्यावर तेव्हाचा ५० टक्के महागाई भत्ता, झाले ३२,५५०. भागिले तीस, १,०८५. दोन रुपये कुठे गेले ते मंत्रालयातल्या बाबूला ठाऊक. फक्त हे तीस दिवस कागदावरचे. महिन्याचे तीस दिवस ड्युटी होमगार्डला कुठे मिळते? शिपायाचा पगार रविवारीही चालू असतो, तुमचा बंदोबस्त संपला की थांबतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : तुम्ही दोन तारखांना उभ्या होतात, हजेरी दोन तारखांची लागली पाहिजे. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हे सगळ्या शहराला माहीत आहे, हजेरीचा कागद मात्र सकाळी आठला एकदाच फिरतो. मध्यरात्र उलटली की पलटण नायकाला गाठून दुसऱ्या दिवसाची सही तिथंच, चौकातच करायची. घरी जाऊन झोपून मग चार दिवसांनी 'माझी सही राहिली' म्हणून गेलात तर ज्याच्याकडे जाल तोही त्या रात्री जागलेला असतो, त्याला काही आठवणार नाही. पेन स्वतःचं न्या, ढोल-ताशात मागितलेलं पेन कुणाला ऐकू येत नाही. आणि सही करताना तारीख स्पष्ट लिहा. तीन असेल तर तीनच, तेवीस वाटता कामा नये.